डाव्या हातमोज्याची हवा

कचेरी, दुसरा मजला
४ मार्च

रा. रा. मेहुणेबुवा यांसी,
कृ. सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने ही तक्रार आपल्या चरणी दाखल करत आहे. विषय : आपल्या मागच्या पत्रातलं अक्षर. त्याला अक्षर म्हणायचं ते केवळ नात्याखातर. पूर्वी आपण ओळ लिहायचात ती एका मापाचे नट ओळीने मांडून ठेवल्यासारखी. आता आपली शिरोरेघ डोंगर चढते, दरीत पडते, आणि वेलांट्या वाऱ्याने टोप्या उडाव्यात तशा शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतात. आमच्या धाकट्या बहिणीच्या, चिमणीच्या खुशालीचं वाक्य मी तीनदा वाचलं, तरी तिला पडसं झालंय की पडदे शिवायचे आहेत याचा निर्णय लागला नाही. आमच्या वडिलांची शिस्त आपल्याला ठाऊक आहे. फोनवर फक्त ‘पोहोचलो’ एवढं बोलायचं, बाकीचं सगळं पत्रात. तेव्हा हे असंच चाललं तर दोन घरांचा संबंध अक्षरावाचून तुटेल. पेनावर दोष ढकलू नये, ही आगाऊ सूचना.

इकडची बातमी अशी की, मला सज्ज करण्यात आलं आहे. म्हणजे सरकारने विजेवर चालणारी वाहनं आणायचं ठरवलं आहे आणि त्यासाठी देश सज्ज आहे की नाही, याचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मला गाडी चालवता येत नाही, विजेचा दिवा बदलायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं. परंतु साहेबांचं म्हणणं पडलं की, याला संस्कृत येतं, म्हणजे वाक्यं लांब लिहील.

आम्ही प्रत्येक बस आगाराला प्रश्नावली पाठवली. वीजजोडणी, चार्जर, आगीची व्यवस्था, प्रशिक्षित माणसं, सुरक्षा साहित्य. प्रत्येकापुढे तीन घरं : सज्ज, अंशतः सज्ज, सज्ज नाही. उत्तरं आली आहेत. सगळे सज्ज आहेत. आजवर या खात्याने मागवलेला एकही कागद इतक्या एकमताने परत आला नव्हता. जुन्या बॅटऱ्यांचं काय करणार, या शेवटी जोडलेल्या प्रश्नाला एका आगाराने ‘होय’ असं उत्तर दिलं आहे. अग्निशमनाबद्दल दुसऱ्याने लिहिलंय की, दलाला कळवण्यात आलं आहे. काय कळवलं ते लिहिलेलं नाही.

आमच्या इमारतीत सज्जतेची सुरुवात झालीच आहे. साहेबांना विजेची गाडी मिळाली. अंगणात तिचा प्लग बसवला. ती प्लगला लागली की दुसऱ्या मजल्यावरचे पंखे बंद करावे लागतात, नाहीतर सगळ्या इमारतीची वीज जाते. त्यामुळे साहेब कचेरीत आले हे आम्हाला घामावरून कळतं.

आपल्या आगाराने पाचही बाबींपुढे ‘सज्ज’ लिहिलंय. आपण तिथले सर्वांत जुने मिस्त्री, तेव्हा कानात सांगा, खरं काय आहे? अहवालात घालणार नाही. अहवालात खरं घालायला जागाही नाही.

चिमणीस आशीर्वाद. आपला लोभ सुवाच्य असावा, ही विनंती.

आपला,
दादा


आगार वसाहत
११ मार्च

श्री. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोष पेनाचाच आहे. चिमणीला पडसं झालं होतं, पडदे नाहीत.

आमच्याकडे चार्जरचे खांब उभे राहिले आहेत, रंगसुद्धा दिला. वीज अजून रस्त्यापलीकडे आहे. तार अलीकडे कोणी आणायची, यावर आगार आणि वीज खातं यांच्यात पत्रं चालू आहेत. आपल्या दोघांसारखीच, फक्त त्यांचं अक्षर चांगलं आहे. तोवर चौकीदार खांबांवर सदरे वाळवतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणसं चार्ज होतायत.

प्रशिक्षण दोन दिवस झालं. गाडी नव्हती. भिंतीवर गाडीची चित्रं दाखवली. मास्तर मुलगा भला होता, त्यानेही गाडी जवळून बघितलेली नव्हती, हे त्याने चहाच्या वेळी कबूल केलं. गाडीच्या पोटात उच्च दाबाची नारिंगी केबल असते, तिला हात लावला तर माणूस जागेवर जातो, एवढं मात्र त्याने चारचारदा सांगितलं. शेवटी ज्यांनी हजेरीवर सही केली त्या सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. झोपलेल्या दोघांनाही मिळालं.

जुन्या कार्यशाळेतून तिघांना नव्या विभागात घेतलं, त्यात मी आहे. बाकीच्यांना गाड्या धुवायला पाठवणार आहेत. त्यात माझ्या हाताखाली शिकलेलेही आहेत. ते आता माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघतात.

मी खूश आहे, असं चिमणीला सांगितलंय. तुम्हीही तसंच समजा.

तुमच्या घामास नमस्कार. माया आहे तशीच चालू द्यावी.

तुमचा,
मिस्त्री


आगार वसाहत
१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ‘ह्यांच्या’ नकळत लिहितेय. तुझी तक्रार वाचून मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले.

पेनाचा दोष नाही, दादा. ह्यांच्या बोटांतली जाणीव गेलीय. थरथरती इंजिनं आणि थरथरती हत्यारं धरून धरून आधी मुंग्या यायच्या, आता मुंग्याही येत नाहीत. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं पांढुरकी पडतात. पेन हातात आहे की सुटलं, ते बघितल्याशिवाय कळत नाही. सकाळी सदऱ्याची बटणं मी लावते. त्याला आम्ही दोघं लाड म्हणतो. मागच्या आठवड्यात चहाच्या किटलीला हात लावून उभे होते, गप्पा मारत. वासाने मला कळलं, ह्यांना नाही. फोड आला तो बघून म्हणाले की, बरंय, दुखत नाही.

आगारात कोणाला माहीत नाही. इंजिनाच्या कामात लपलं. बोटांनी नाही कळलं तर कोपराने, कानाने भागवत होते. आता हे विजेचं आलं.

त्या प्रशिक्षणात एक शिकवलंय. रबरी हातमोजे घालण्याआधी रोज तपासायचे. मनगटाकडून गुंडाळत यायचं, आत हवा कोंडायची, आणि फुगलेलं एकेक बोट दाबून बघायचं की कुठून हवा सुटते का. सुईएवढं भोक असलं तरी वीज आत येते म्हणे. ह्यांना बोटांना काही कळत नाही, आणि इतकी वर्षं इंजिनाच्या आवाजात गेली, त्यामुळे बारीक फुसफुस ऐकूही येत नाही. म्हणून हातमोजे घरी घेऊन आले. सरावासाठी, असं म्हणाले. हातमोजा फुगवला आणि मला म्हणाले की, जरा गाल पुढे कर.

मी गाल पुढे केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं काही हे पहिल्यांदाच म्हणाले, आणि तेही रबरासाठी. उजवा चांगला आहे. डाव्याच्या अंगठ्यातून हवा येते. अगदी बारीक, कोणीतरी लांबून फुंकर घालावी तशी. पण येते.

ह्यांनी भांडारात सांगितलं. भांडारवाला म्हणाला की, आगाराला एकच जोड आलाय, तोच तिघांनी वापरायचा, आणि दुसऱ्याची मागणी वर गेलीय. वर म्हणजे तूच ना रे? म्हणून तुला विचारतेय. तुझ्या त्या अहवालात असं काही नाही का, की अशा माणसाला त्या केबलपासून लांब ठेवावं? आणि असलं, तर ह्यांना गाड्या धुवायला पाठवतील. ज्या माणसाच्या हातून आगारातली प्रत्येक गाडी गेली, त्याच्या हातात पाण्याची नळी देतील. मला ते चालेल. ह्यांना चालणार नाही.

मी काय करू ते सांगू नकोस. तू काय करशील ते सांग.

धाकटीवर जशी माया करतोस तशीच असू दे.

तुझी,
चिमणी


कचेरी, दुसरा मजला
२० मार्च

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. वाचून घडी घातली, पुन्हा उघडलं. काहीतरी वाटेल म्हणून थांबलो होतो. मग शिपाई चहा घेऊन आला आणि मी चहा प्यालो.

तुला हवं ते कलम अहवालात आहे. मीच लिहिलंय. उच्च दाबाच्या विजेवर काम करणाऱ्या प्रत्येकाची डॉक्टरकडून तपासणी व्हावी : दृष्टी, हृदय, आणि बोटांची जाणीव. शेवटचं सुई टोचून पाहतात. एका परदेशी नियमपुस्तिकेतून मी ते उतरवलं, कारण वाक्य डौलदार होतं. कुणाची बोटं, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. नियमपुस्तिकेत बोटं कुणाचीच नसतात.

हातमोज्यांचा प्रश्नही आहे. अहवालात मी त्यांना ‘विद्युद्रोधक हस्तत्राण’ असं नाव दिलंय, यावर तू हसशील म्हणून सांगतो. तुमच्या आगाराने त्यापुढेही ‘सज्ज’ लिहिलंय. ते खोटं नाही. जोड आहे. किती माणसांत आणि कशा अवस्थेत, असं आम्ही विचारलंच नाही. पुढच्या मंगळवारी समितीची बैठक आहे. तिथे ‘संख्या’ आणि ‘स्थिती’ अशी दोन घरं वाढवायला सांगणार आहे. आणि तपासणीचं कलम राखायला सांगणार आहे.

राखलं तर काय होईल, ते तू लिहिलंच आहेस. मिस्त्रींना मी काही कळवत नाही. पण त्यांनी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. खोटं लिहिता येतं, ते निराळं.

रोज गाल लावून बघ. डावा वापरू देऊ नकोस.

दोघांनाही आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे जास्त.

दादा


आगार वसाहत
२४ मार्च

श्री. दादांस,
सा. न. वि. वि.

चिमणीला काही लपवता येत नाही. तुमचं पत्र तिने पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि दिवसभर त्या डब्याकडेच बघत राहिली.

अक्षर मोठं काढतोय. मोठं काढलं की हात डोळ्यांनी चालवता येतो.

तर तुम्हाला कळलंच आहे. आता ऐका. तुमचं ते सुईचं कलम काढून टाका. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. लग्नात रुसायचा मान होता, तोही तुम्ही जेवायची घाई केलीत म्हणून सोडला. हे एक मागतो. तसं कलम राहिलं तरी मी पास होईन, ‘आई गं’ कधी ओरडायचं एवढं डॉक्टरच्या चेहऱ्यावरून ओळखायला शिकतोय. माझा हात पदराआड घेऊन चिमणी टोचते आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघून ओरडतो. अजून वेळ चुकते.

तुम्हाला वाटत असेल, मी हट्टाला पेटलोय. तसं नाही. जाड रबर चढवलं की कोणाच्याच बोटांना काही कळत नाही. हातमोजे घातले की तिघंही माझ्यासारखेच होतात. आयुष्यात पहिल्यांदा असं काम आलंय, ज्यात मी कमी नाही.

पहिली गाडी परवा आली. दुसऱ्या मोठ्या गाडीवर चढवून आणली. उतरवली तेव्हा तिच्यात चार्ज नव्हता, आणि आमच्या खांबांत वीज नव्हती. शेवटी जुन्या डिझेल गाडीला दोर बांधून ती आत ओढली. ती डिझेल गाडी मीच जुळवलेली, भंगारात जायची होती, धूर सोडत नवरीला घेऊन आली. फुलं लावली होती. फोटो काढताना दोर सोडला.

मी नव्या गाडीवर हात ठेवून बघितला. आवाज नाही, थरथर नाही. ती चालू असती तरी मला कळलं नसतं म्हणा. पण त्या सगळ्यात तीच एक मला ओळखीची वाटली.

तार तीन एप्रिलच्या सोमवारी जोडणार आहेत. त्याच दिवशी नारिंगी केबल पहिल्यांदा मी सोडवायची, असं व्यवस्थापकांनी ठरवलंय, वयाचा मान म्हणून.

कलमाचं बघा. रागावलात तरी चालेल, परकं करू नका.

तुमचा,
मिस्त्री


कचेरी, दुसरा मजला
३० मार्च

रा. रा. मेहुणेबुवा यांसी,
कृ. सा. न. वि. वि.

आपलं मोठं अक्षर पोहोचलं. तक्रार मागे घेतो. असं अक्षर शिलालेखांत असतं.

बैठकीची हकीकत सांगतो. मी दोन भाषणं तयार करून गेलो होतो. एक चिमणीसाठी, कलम राखा असं सांगणारं. दुसरं आपल्यासाठी, काढा असं सांगणारं. कुठलं करायचं हे मी दारात शिरेपर्यंत ठरवलेलं नव्हतं. दोन्हींत संस्कृत वचनं होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकाच्या पुढ्यात माझा अहवाल, कोणी न उघडलेला. साहेबांची गाडी खाली प्लगला होती.

तपासणीच्या कलमावर आरोग्य खात्याच्या बाई एवढंच म्हणाल्या की, आगारांत डॉक्टर नाहीत, दवाखान्यांतही जागा रिकाम्या आहेत, तर सुई टोचणार कोण? अध्यक्षांनी विचारलं की, कलम ठेवलं तर तारीख पुढे जाईल का? कोणीतरी म्हणालं, जाईल. अध्यक्षांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि पान उलटलं. माझं तोंड त्या वेळी उघडं होतं. समोर बिस्किटाची बशी आली, मी एक घेतलं.

‘स्थिती’चं घर मी सुचवलं. सूचना चांगली आहे, पुढच्या वर्षीच्या प्रश्नावलीत विचार करू, असं ठरलं. मौनं सर्वार्थसाधनम् असं लहानपणी पाठ केलं होतं, ते असं फळाला आलं.

म्हणजे आपलं मागणं पूर्ण झालं. मी काही न करता झालं, तेव्हा आभार मानू नयेत. चिमणीला मी शब्द दिला होता, तो मोडला. तेही काही न करता. मला बोलता आलं असतं. ती रेघ पुसायला लावता आली नसती, पण माझ्या घरात असा एक माणूस आहे, एवढं वाक्य उच्चारता आलं असतं. मी ते का उच्चारलं नाही, हे मला सांगता येत नाही. बाहेर आलो तेव्हा वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. जिना उतरलो. अहवालाचं शेवटचं वाक्य संध्याकाळपर्यंत हवं होतं, ते लिहून दिलं. देश विद्युत वाहनांच्या स्वीकारास सर्वार्थाने सज्ज आहे. अध्यक्षांना ‘सर्वार्थाने’ फार आवडलं.

त्यानंतर मी बाजारात गेलो. विजेच्या सामानाच्या दुकानात हस्तत्राण मागण्याची हिंमत झाली नाही, हातमोजेच म्हणालो. दुकानदाराने हाताचं माप विचारलं. मला ठाऊक नव्हतं. आपल्या लग्नात आपण हात मिळवलात तेव्हा माझी बोटं आपल्या मुठीत दिसेनाशी झाली होती, एवढंच आठवलं. म्हणून होते त्यांतले सर्वांत मोठे घेतले. ते या पत्राबरोबर, आपल्या आगाराकडे येणाऱ्या कारकुनाच्या हाती पाठवतो आहे. रविवारी मिळतील. पत्र आधी वाचा, मग पुडकं सोडा.

पाठवण्याआधी आज कचेरीत मी ते तपासले. चिमणीने लिहिलं होतं तसंच. मनगटाकडून गुंडाळत आलो, हवा कोंडली, एकेक बोट दाबून गालाला लावलं. शेजारच्या टेबलावरचे लेखनिक बघत होते. त्यांना वाटलं, अहवाल संपल्याच्या आनंदात करतोय. साहेबांची गाडी प्लगला होती, त्यामुळे पंखे बंद, हवा अगदी स्तब्ध. अशा हवेत एवढीशी फुंकर असली तरी कळायला हवी. दहाही बोटं लावून पाहिली. काहीच जाणवलं नाही.

काही जाणवू नये हेच बरोबर, असं हातमोज्यांबरोबरच्या कागदावर लिहिलंय. तेव्हा ते निर्दोष असतील. पण ते फुगलेलं रबर गालाला लावून मी बराच वेळ बसलो होतो, आणि मला एवढंच सुचत होतं की, परवा बैठकीतही मला असंच काही जाणवलं नव्हतं.

मेहुणेबुवा, थट्टा पुरे. सोमवारी तुम्ही त्या केबलला हात घालणार याची मला भीती वाटते. हे हातमोजे चिमणीच्या गालाला लावून पाहिल्याशिवाय घालू नका. माझ्या गालावर माझा भरवसा उरलेला नाही.

सोमवारी फोन करा. ‘पोहोचलो’ एवढं म्हणालात तरी पुरे.

आपला,
दादा